चौदा भोकं राहिली होती

परबकाका काडतुसं भरायला बसले की त्यांना कोणी हाक मारायची नाही. मारलीच, तर पन्नास भोकांच्या लाकडी फळीत उभ्या केलेल्या काडतुसांतली दारू ते निमूटपणे डब्यात परत ओतत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. "फळी भरल्याशिवाय बोलू नको. देव इलो तरी भायर बसव," हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं.

कुवेतमधल्या एका नेमबाजी क्लबच्या कोठारात मी कारकून, काका तिथले कारागीर. मूळ कुडाळकडचे. बनेद अल-गार वस्तीतल्या एकाच खोलीत आम्ही नऊ वर्षं राहिलो. क्लबच्या एका म्हाताऱ्या सभासदाकडे खालचा दांडा ओढून चालवायची जुनी रायफल होती. तिला लागणारी जड गोळीची काडतुसं तयार मिळत नसत; ती काका हातानं भरत. त्या रायफलच्या नळीखाली काडतुसं साठवायची दुसरी नळी असते; तिच्यात ती एकामागे एक बसतात, मागच्याचं नाक पुढच्याच्या बुडाला, जिथे ठिणगी पडते तिथेच टेकतं. नाक टोकदार असेल तर धक्क्यानं नळीतच बार उडायचा. म्हणून प्रत्येक गोळीचं चपटं नाक ते नखानं चाचपून बघत. दारू चुकून दोनदा पडली, तर रायफल हातात फुटणार.

दारूच्या खोलीला काचेची भिंत होती; मी काचेबाहेर पुस्तक घेऊन बसे. "तुझा पान चुकला तर परत वाचशीत, मेल्या," ते म्हणत, "हय परत वाचूक गावना नाय."

एका शुक्रवारी डाळीला फोडणी देताना त्यांनी कारण सांगितलं. गावी त्यांचा भाऊ रानडुकरांसाठी ठासणीची बंदूक भरत होता. मध्येच चहाची हाक आली. चहा पिऊन आला आणि त्यानं पुन्हा दारू भरली. तीन बोटं गेली.

"हाक मियाच मारलेली," काका म्हणाले. त्या दिवशी डाळ अळणी झाली.

काकू गावी दवाखान्यात होत्या तेव्हाची गोष्ट. दारूच्या खोलीत मोबाईल न्यायला बंदी, म्हणून काकांचा फोन माझ्या खणात असे. त्यांच्या मुलीचा फोन आला. "बाबांना द्या ना. आई विचारतेय."

मी काचेतून पाहिलं. चौदा भोकं राहिली होती.

"दहा मिनिटांत देतो," मी म्हणालो.

फोनमध्ये मुलीच्या मागून काकूंचा आवाज आला, "खंय आसत?"

"कामात आहेत," मी सांगितलं.

काका हात पुसत बाहेर आले तोवर काकूंची शुद्ध गेली होती. ती परत आली नाही.

"काय म्हटल्यान?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. "आनि तू काय सांगलंस?" तेही सांगितलं.

"बरोबर सांगलंस," ते म्हणाले. त्यापेक्षा त्यांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं.

काका गावी जाऊन दिवसकार्य उरकून परतले, पण नंतर त्यांची फळी पुरी होईना. काचेवर माझी सावली पडली की दार उघडून विचारत, "फोन इलो?" मी नाही म्हणे. मग ते सगळी दारू परत ओतत. मी खुर्ची कोपऱ्यात नेली. तरी कुणाची ना कुणाची सावली पडायचीच. शेवटी क्लबनं त्यांना कायमचं गावी पाठवलं.

गेल्या महिन्यात मुलीनं कळवलं, बाबा गेले. आदल्या दुपारी त्यांना माझ्याशी बोलायचं होतं. ती नंबर लावत होती, तर त्यांनी तिचा हात धरला. "ह्या येळाक तो कामात आसतलो. हाक मारू नको."

त्या दुपारी मला सुट्टी होती. मी खोलीवर आडवा पडून पुस्तक वाचत होतो.