फोनमधल्या बाई

किस्से सगळ्यांकडेच असतात हो. पण घरात ऐकणारं माणूस असलं की ते त्याच दिवशी जेवता जेवता संपतात. माझ्याकडे साठून राहतात. यजमान गेले, लेक बंगळुरूला, आणि चिंचपोकळीच्या दोन खोल्यांत मी एकटी. आज तुम्ही सापडलात, आता सुटका नाही!

तर, परळच्या मराठी शाळेतून गणिताची बाई म्हणून मी रिटायर झाले आणि लोअर परळच्या एका कंपनीत लागले. गिरणीच्या जागेतलं काचेचं ऑफिस. ते फोनवरच्या ॲपसाठी धडे शूट करायचे. मला खरं तर बोलायला माणसं हवी होती. तिथे गेल्यावर कळलं की बोलायचं कॅमेऱ्याशी.

*

पहिल्या दिवशी मी स्टुडिओत गेले आणि नुसतीच उभी राहिले. आमची डायरेक्टर तन्वी, माझ्या लेकीहून लहान. म्हणाली, "मॅम, रोलिंग आहे. स्टार्ट करा ना."

"करते गं. वर्ग उभा राहू दे."

"कुठला वर्ग?"

आता काय सांगणार? एवढी वर्षं मी आत शिरले की पोरं उठायची, सुरात नमस्ते म्हणायची, मग माझं तोंड उघडायचं. त्याशिवाय शब्दच फुटेना. शेवटी तन्वी, कॅमेरामन आणि लाइटवाला ओळीत उभे राहिले आणि ओरडले, "एक साथ नमस्तेऽऽ!"

मी म्हटलं, "बसा."

तिघं एकमेकांकडे बघायला लागले. खोलीत खुर्ची एकच होती!

*

इतिहासाला सावंत सर होते. लालबागचे, माझ्यासारखेच रिटायर, माझ्यासारखेच एकटे. शिकवता शिकवता फिरायची त्यांना सवय. आग्र्याहून सुटका ऐन रंगात आली आणि सर चालत चालत फ्रेमच्या बाहेर! पडद्यावर नुसती भिंत, आणि पेटारे निघाल्याचं सांगणारा सरांचा आवाज.

"सर, फ्रेममध्ये राहा!" तन्वी ओरडली.

"अगो, मागच्या बाकावरची पोरां झोपतत. तेंका कोण उठवतलो?"

"सर, मागे बाक नाहीये. मागे एसी आहे."

सरांनी एसीकडे वळून पाहिलं आणि ते परत जागेवर आले. त्या दिवशी पुढचा धडा त्यांनी फार हळू आवाजात घेतला.

*

दुपारी ऑफिसातली सगळी पोरं कानात काहीतरी घालून जेवायची. आम्ही दोघं जिन्याजवळच्या बाकड्यावर डबा उघडायचो. सर स्वतः रांधायचे. रोज म्हणायचे, "बाई, आज कुळथाची पिठी जास्त झाली बघा. घ्या."

एकदा मी म्हटलं, "सर, रोज कशी जास्त होते? पाणी मोजून घाला."

"मोजूनच घालतंय. दोघांचाच माप येता हाताक."

मी पिठी वाढून घेतली. फार चांगली करायचे.

*

मग ॲपमध्ये शंका विचारायची सोय आली. मुलांनी प्रश्न टाकायचा, कॉम्प्युटर आमच्याच आवाजात उत्तर देणार. एका रविवारी घरात इतकं सुनं वाटत होतं की मी फोन उचलला आणि मलाच विचारलं, "आज जेवायला काय करू?"

माझाच आवाज आला, "वा! खूप छान प्रश्न! पण हा अभ्यासक्रमात नाही."

सोमवारी सरांना सांगितलं, तर ते ठसका लागेपर्यंत हसले. "बाई, उभ्या जन्मात तुम्ही कोणाच्या प्रश्नाला छान म्हणालात?"

"एकाच्याही नाही!"

"मग फोनातली बाई बरी म्हणायची!"

*

एक दिवस केक आला. तन्वी टाळ्या वाजवत म्हणाली, "गुड न्यूज! सर, मॅम, तुमचा चेहरा, आवाज, सगळं आता सिस्टिममध्ये आहे. नवे धडे सिस्टिमच बनवणार. तुम्हाला एवढ्या लांब यायचा त्रासच नको!"

चिंचपोकळी आणि लालबाग लांब! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पोरगी वाईट नव्हती, तिला खरंच आनंद झाला होता.

सरांनी शांतपणे विचारलं, "मग डबो खंय खाऊचो?"

तन्वीने त्यांच्यासाठी केकचा मोठा तुकडा कापला.

*

त्यानंतर महिनाभर सरांचा फोन नाही. मी केला तर उचलेनात. नाही नाही ते मनात यायला लागलं, तशी एका दुपारी लालबागला त्यांच्या चाळीत गेले. गॅलरीतून जाताना सरांच्या उघड्या दारातून बाईचा आवाज आला. म्हटलं, सरांकडे पाहुणी कोण? दाराशी पोचले तर आवाज माझाच!

सर दाराकडे पाठ करून खुर्चीत ताठ बसले होते. समोर स्टीलच्या डब्याला फोन टेकवलेला, त्यात मी, पाचवीचे अपूर्णांक शिकवत होते.

"एका भाकरीचे चार समान भाग केले. त्यातला एक भाग म्हणजे किती? सांगा बघू," असं विचारून फोनमधली मी थांबले.

"म्हायत नाय, बाई," सर म्हणाले. "परत सांगा."

त्यांनी बोटाने धडा मागे नेला. माझी भाकरी पुन्हा अख्खी झाली.

मला राहवेना. दारातूनच म्हटलं, "पाव, सर! पाव!"

सरांनी मागे न बघताच हात वर केला.

"गप रवा," ते म्हणाले. "बाई शिकवतत."

मी चपला काढल्या आणि आत जाऊन त्यांच्या मागे जमिनीवर बसले.