वायच अलीकडे

माझी मैत्रीण दादरच्या छोट्या हॉलमध्ये गोष्टी सांगते आणि माणसं तिकीट काढून ऐकतात. माझा जळफळाट होतो. आम्ही परळच्या एकाच चाळीत वाढलो, दोघींच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. शेजारी मालवणी आजी. तिच्या ओट्यापाशी बसून मी मालवणी उचलली. हिचं तिकडे कधी लक्ष नव्हतं.

गिरगावात भाड्याची खोली बघायला गेले तेव्हा घरमालकीण काकूंनी मालवणी हेलात विचारलं, "गाव कुठलं गं तुमचं?" या प्रश्नात काय विचारलेलं असतं ते आम्हाला कळतं. माझं गाव रत्नागिरीकडचं. मी म्हटलं, "मालवणाच्या वायच अलीकडे ओ." काकूंचा चेहरा खुलला. "म्हणजे आमच्यातलीच!" आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे तेही खपून गेलं. हे सगळं मी मैत्रिणीला हसत हसत सांगितलं होतं.

परवा तिने दोन पास पाठवले. काकू हौशी, त्याही आल्या.

तिने सुरुवातच "जय भीम" म्हणून केली. मग माझीच गोष्ट, पण "मी, मी" करत. घरमालकीण दादरची केली होती, बाकी सगळं तसंच. हिचा शीवला वडिलांचा फ्लॅट आहे, हिने जन्मात भाड्याची खोली शोधलेली नाही! आणि "वायच"च्या जागी आमच्या गावाकडचं "वाईच" म्हणाली. तेवढ्यावरून तिची खोली हातची गेली असती. इथे मात्र हॉलभर टाळ्या.

मला खरं तर भीती वाटायला हवी होती, काकू शेजारीच होत्या. पण त्या पदराने डोळे पुसत होत्या. "कसली मेली ती घरमालकीण!" असं पुटपुटल्यादेखील. मला उठून ओरडावंसं वाटलं, की हे माझं आहे, हिचं नाही.

बाहेर काकूंनी तिचा हात हातात घेतला. मैत्रीण माझ्याकडे बघेना.

"तुला कधी खोली लागली ना," काकू म्हणाल्या, "तर कुणापुढे खोटं बोलू नकोस. आहेस तशी माझ्याकडे ये."

काकूंकडे भाड्याने द्यायला एकच खोली आहे. तिथे मी राहते.