आज तुमचा दिवस, याही

त्या दिवशी सकाळी फोन वाजला तेव्हा मी तयारीतच बसलो होतो. डाव्या हाताला चहाचा कप, उजव्या हाताचं बोट माउसवर, चष्मा नाकावर. फोनवर नानांचं नाव दिसलं, म्हणून हॅलोबिलो काही न म्हणता मी थेट म्हणालो, "एक..." पलीकडून 'दोन' यायला हवं होतं, ते आलं नाही. मला वाटलं, नाना काहीतरी लबाडी करताहेत, ती त्यांची जुनीच खोड. मी आणखी जोरात म्हणालो, "एक! बोला की व्याही, घाबरलात की काय?" तेव्हा माझ्या लेकीचा, वैशालीचा आवाज आला. "अप्पा..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. धुळ्याचे आमचे व्याही, वैशालीचे सासरे, मुरलीधर नाना पहाटे झोपेतच गेले होते. मी तसाच बसून राहिलो आणि चहा निवून गेला.

हे 'एक, दोन, तीन' काय प्रकरण होतं ते सांगायला हवं, नाहीतर म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असं कोणालाही वाटेल. संगणकावर ज्यातून आपण इंटरनेट उघडतो त्याला ब्राउझर म्हणतात, हे आता शाळेतल्या पोरांनाही ठाऊक आहे. माझा ब्राउझर क्रोम. नानांचा फायरफॉक्स, म्हणजे त्या शेपटीवाल्या तांबूस कोल्ह्याचं चित्र असतं तो. नाना त्याला नुसतं 'कोल्हा' म्हणायचे, तेही असं की जणू घरात पाळलेलाच आहे. आणि या दोन ब्राउझरांवरून आम्ही दोन शहाणे, एक जळगावचा आणि एक धुळ्याचा, वर्षानुवर्षं भांडलो. दुसरे व्याही मानपानावरून भांडतात, आहेरावरून भांडतात. आमच्याकडे तो विषयच कधी निघाला नाही, कारण भांडायची हौस इकडेच फिटायची.

सुरुवात झाली ती बोलणी करायला धुळ्याला गेलो तेव्हाच. शेवभाजीचं जेवण झालं, पान झालं, आणि मंगल कार्यालयाचे फोटो दाखवतो म्हणून नानांनी मला संगणकासमोर बसवलं. मी आपला सहज बोलून गेलो, "तुमच्याकडे क्रोम नाही वाटतं? हे कसलं जुनाट ठेवलंय?" झालं! नाना शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले, खुर्चीतून असे उठले की जणू वर्गात कोणी शिट्टी मारली असावी. म्हणाले, "हे बघा, मुलगी तुमची आणू, पण या घरात ब्राउझर आमचाच राहील." आमच्या हिचा चेहरा पांढरा पडला, तिला वाटलं सोयरीक मोडली. मग विहीणबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "घाबरू नका, ते देवावरूनसुद्धा एवढे भांडत नाहीत." आणि सगळं घर हसलं. नानासुद्धा हसले, पण क्रोम काही त्यांनी घेतला नाही.

त्यांच्या निष्ठेला कारण होतं, हे मला मान्य केलंच पाहिजे. "हा कोणा शेटजीचा नाही, याही. गावोगावच्या लोकांनी हातभार लावून उभा केलाय," असं ते सांगायचे. मला ते 'याही' म्हणायचे, म्हणजे व्याही, त्यांच्या अहिराणीत. मी फैजपूरकडचा, आमची बोली निराळी, पण तो शब्द त्यांच्या तोंडून मला फार गोड लागायचा. निवृत्तीनंतर घरबसल्या त्यांनी म्हणे कोल्ह्याच्या मेनूतले काही शब्द मराठीत करून पाठवले होते. कोणते, ते विचारलं की दरवेळी वेगळेच सांगायचे. पण त्यांच्या संगणकावर सगळं मराठीत होतं एवढं खरं, आणि विहीणबाई जाता-येता ते वाचायच्या. माझं काय? मी दीपनगरच्या वीज केंद्रात उभी नोकरी काढलेला माणूस. मुलाने क्रोम बसवून दिला, हाताला सवय झाली, बस्स. पण नानांसमोर असं पुळचट कारण कसं सांगणार! म्हणून मी वेगाच्या बाता मारायचो, सगळं जग कुठे चाललंय आणि तुम्ही कुठे, असं ऐकवायचो. नाना नसते तर माझा क्रोम मला एवढा प्यारा झालाच नसता.

मग एकदा वैतागून वैशाली म्हणाली, "एवढंच असेल तर लावा शर्यत आणि मिटवा एकदाचं." मिटलं कसलं, रोजचंच झालं. सकाळच्या चहाला नाना फोन करायचे. एक मी म्हणायचं, दोन त्यांनी, तीन दोघांनी मिळून, आणि टिचकी मारायची. मी जळगावच्या हवामानाचं पान उघडायचं, त्यांनी धुळ्याचं. ज्याचं आधी उघडेल त्याने ओरडायचं. नानांचं उघडलं की ते अहिराणीवर यायचे, "उघडी गयं! मन्हा कोल्हा पयना!" म्हणजे उघडलं, माझा कोल्हा पळाला. आणि हरणाऱ्याने मुकाट्याने म्हणायचं, "आज तुमचा दिवस." एकमेकांचा पडदा दिसायचा नाही, सगळा मामला विश्वासाचा. म्हणजे दोघांनाही थापा मारायला मोकळं रान! बहुतेक वेळा नानाच जिंकायचे. मग मी शेवटचं अस्त्र काढायचो. "ते राहू द्या, तापमान किती धुळ्याचं?" उन्हाळ्यात जळगावच्या पुढे कोण जाणार? आमचा आकडा मी असा सांगायचो की जणू तो मीच रात्रभर जागून तापवलाय. शर्यत हरलो तरी तापमानात मी कधी माघार घेतली नाही, एक अंशही सोडला नाही.

नानांच्या खोडीचा एक किस्सा मात्र आमच्या दोन्ही घरांत अजून निघतो. नातवाच्या जावळासाठी ते जळगावला आले होते. मी सलूनमध्ये गेलो तेवढ्यात त्यांनी माझ्या संगणकावर हात साफ केला. पडद्यावर क्रोमची ती रंगीत चकती होती तशीच ठेवली, पण तिच्या मागे कोल्हा नेऊन बसवला. चकतीवर टिचकी मारली की उघडायचा कोल्हा! आत जरा वेगळं दिसलं, पण मला वाटलं, नवीन आवृत्ती आली असेल. आणि नेमका त्या दिवसांत मी शर्यती जिंकायला लागलो. काय माझा रुबाब वाढला! "बघा, याला म्हणतात क्रोम," असं मी रोज ऐकवायचो आणि नाना गरीब गायीसारखे म्हणायचे, "खरं आहे तुमचं, फारच पळतोय." श्रावणात त्यांच्याकडे कानबाईचे रोट होते, म्हणजे देवीचा सण. सगळे भाऊबंद जमलेले, आणि भर पंगतीत नानांनी ते फोडलं. म्हणाले, "आमच्या याहींनी महिनाभर कोल्ह्याची आरती ओवाळली!" माणसं ताटावर वाकून हसत होती. मला मात्र राग आला, अगदी मनापासून आला. मी हात धुतले, हिला म्हटलं चल, आणि उन्हातान्हात बस पकडून जळगावला आलो. त्यानंतर आमचा अबोला. सकाळचा फोन बंद. हिने समजावलं, वैशालीने समजावलं, पण मी हटून बसलो.

तो अबोला मोडला माझ्या छातीने. बायपास करावी लागली. शुद्धीवर आलो तर पलंगाशी नाना बसलेले, हातात मोसंबी. मी तोंड फिरवलं. ते संध्याकाळपर्यंत तसेच बसून होते आणि जाताना एवढंच म्हणाले, "याही, घरी आलात की फोन करतो." घरी आलो तेव्हा माझा मी राहिलो नव्हतो. ऑपरेशन चांगलं झालं होतं, पण मन पार खचलं होतं. सकाळी उठावंसं वाटायचं नाही. कोण आलं, कोण गेलं, काही नको. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो आणि आता आपलं संपलं, हेच डोक्यात. ही रडायची, मी तिच्यावरच खेकसायचो. आणि एक दिवस सकाळी फोन वाजला. हिने तो माझ्या कानाला लावला. "याही, कोल्हा वाट पाहतोय. की हार मानली?" मी म्हटलं, "हार मानेल माझा..." आणि पुढची शिवी गिळून उठून बसलो. भिंत धरत धरत संगणकापर्यंत गेलो. "एक," मी म्हणालो. आणि त्या दिवशी मी जिंकलो.

आणि मग जिंकतच गेलो. दुसऱ्या दिवशी जिंकलो, तिसऱ्या दिवशी जिंकलो. नाना पलीकडून हळहळायचे, कोल्ह्याला शिव्या घालायचे, "म्हातारा झाला बिचारा" म्हणायचे. मला सकाळ कधी होते असं होऊन जायचं. नंतर फिरायला जायला लागलो, भरीत-भाकरीची चव परत आली, माणसात आलो. डॉक्टर म्हणाले औषधं लागू पडली. मी म्हटलं, औषधं कसली, क्रोम! नाना अधूनमधून जिंकायचे, पण फारसे नाही. गेले त्याच्या आदल्या सकाळीही मीच जिंकलो होतो. "आज तुमचा दिवस, याही," हे त्यांचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

गंधमुक्तीला, म्हणजे नानांच्या उत्तरकार्याला, धुळ्याला गेलो. माणसं पांगल्यावर वैशाली मला आत घेऊन गेली. तो संगणक होता तिथेच होता, वर नानांचा टॉवेल पांघरलेला, आणि शेजारी जमिनीवर विहीणबाई बसलेल्या. वैशालीने दारातच मला हळूच सांगितलं, "अप्पा, या जेवत नाहीत, बोलत नाहीत. सकाळी उठवलं तर उठत नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला भीती वाटते हो." ती भिंत मला चांगली माहीत होती. तेवढ्यात जावई आले. वातावरण हलकं करावं म्हणून बिचारे म्हणाले, "अप्पा, आता तुम्हाला कोणी अडवणार नाही, टाका तुमचा क्रोम." मी टॉवेलला हातसुद्धा लावला नाही. म्हटलं, "नाही हो. या घरात ब्राउझर त्यांचाच राहील. आणि तसाही बिचारा कोल्हा माझ्याकडून फार हरला..."

तेव्हा विहीणबाईंनी मान वर केली. कितीतरी दिवसांनी त्या बोलल्या असतील. "हरला नाही," त्या म्हणाल्या. "तुमच्या ऑपरेशननंतर यांचं पान रोज आधी उघडायचं. मी चहा घेऊन इथेच उभी असायची. म्हणायची, अहो, उघडलंय, बोला ना. तर तोंडावर हात दाबून धरायचे आणि मला खुणेने गप्प करायचे... तुम्ही ओरडेपर्यंत." मी विचारलं, "का पण?" त्या म्हणाल्या, "मीही विचारलं. तर म्हणाले, त्याले सकाये उठाले काहीतरी पाहिजे ना."

अरे लबाडा! मी तिथेच लहान पोरासारखा रडलो. जावयासमोर रडलो, लाज वाटली नाही. रागही आला, हो, आलाच. इतकी वर्षं मी छाती काढून फिरलो आणि हा माणूस तोंडावर हात धरून बसला होता! एकदा तरी सांगायचं होतं. मी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही, पण एवढं प्रेम कळायला नको का, ते करणारा माणूस हयात असताना?

निघताना मी विहीणबाईंना म्हणालो, "उद्या सकाळी मी फोन करणार. एक मी म्हणेन, दोन तुम्ही म्हणायचं." त्या म्हणाल्या, "मला नाही येत ते." म्हटलं, "सगळं मराठीत आहे, नानांनीच करून ठेवलंय. कोल्ह्यावर टिचकी मारायची, बस्स." दुसऱ्या दिवशी फोन केला, वैशालीने घेतला. "नाही म्हणतात, अप्पा." त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच. चैत्र गेला, ऊन चढत गेलं, मी रोज नेटाने फोन करत राहिलो आणि रोज वैशालीच बोलत राहिली. ही म्हणाली, आता पुरे करा, त्यांना त्रास होत असेल. मलाही तसंच वाटायला लागलं होतं.

मग गेल्या आठवड्यात, मी चहा घेऊन नुसताच बसलो असताना फोन वाजला. नानांचं नाव. कानाला लावला तर पलीकडे नुसता पंख्याचा आवाज. मी हळूच म्हणालो, "एक..."

मग विहीणबाईंचा आवाज आला, बसलेला, कोरडा. "दोन."

तीन आम्ही दोघांनी म्हटलं. मी टिचकी मारली आणि माझं पान क्षणात उघडलं, जळगावचं, मोठ्या अक्षरात त्रेचाळीस. शेजारी ही उभी होती. म्हणाली, "अहो, उघडलंय की, ओरडा ना." मी तोंडावर हात दाबून धरला आणि तिला खुणेने गप्प केलं. पलीकडे माउसची टकटक चालली होती. वैशाली मागून काहीतरी सांगत होती आणि विहीणबाई तिला "थांब, मी बघते" म्हणत होत्या. आणि मग त्या ओरडल्या, "उघडी गयं!"

"आज तुमचा दिवस, विहीणबाई," मी म्हणालो.

"धुळ्याला बेचाळीस," त्या म्हणाल्या. "जळगावला किती?"

मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्रेचाळीसच होतं. "एक्केचाळीस," मी म्हणालो.

विहीणबाई हसल्या. "खोटं," म्हणाल्या, "तुम्ही दोघं सारखेच."