मिस ओलीटाची सलग सीट

माझ्या नवऱ्याचं, रॉयसचं, गाड्यांचं वेड मी लग्नाआधीच पदरात घेतलं, त्यामुळे आता तक्रार करायची सोय नाही. वेडही साधंसुधं नाही. सगळ्या पिकअप गाड्या चालत नाहीत, फक्त शेवरोलेच्या, आणि त्याही सदुसष्ट ते बाहत्तर या सालांत निघालेल्या. त्र्याहत्तरची गाडी समोर आली तर रॉयस कौतुकाचा एक शब्द बोलत नाही, नुसतं 'हं' म्हणतो. दर शनिवारी सकाळी त्याच्यासारखेच चार-पाचजण आमच्या शेडमध्ये जमतात, माझी कॉफी संपवतात आणि एकाच बॉनेटखाली डोकी घालून तेच तेच बोलतात. इंजिनाच्या कडेला इतकी जागा की माणूस आत उभा राहून काम करू शकतो. चारी बाजूंना एवढी काच की मागचं वासरूसुद्धा दिसतं. एकीचं दार दुसरीला बसतं, दुसरीचा बंपर तिसरीला. हे सगळं मला पाठ आहे. मी शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. तिथल्या पोरांनासुद्धा एक गोष्ट इतक्यांदा सांगावी लागत नाही.

पण मला सांगायचंय ते मिस ओलीटांबद्दल. त्यांच्याकडेही तीच गाडी होती, सत्तर सालची, हिरवी. ती सत्तर सालची आहे हे त्यांना रॉयसनं सांगितलं तेव्हा कळलं.

ओलीटा क्रॅबट्री आमच्या भागातल्या टपालवाल्या. लहानथोर सगळे त्यांना मिस ओलीटाच म्हणायचे. इथे पश्चिम ओक्लाहोमात एक घर इथे तर दुसरं पार टेकडीपलीकडे, आणि टपालपेट्या रस्त्याच्या उजव्या कडेला खांबांवर. टपालवाल्यानं गाडी स्वतःची आणायची. स्टिअरिंग डावीकडे आणि पेट्या उजवीकडे, तेव्हा टपालवाले काय करतात, तर चक्क उजवीकडे बसतात. डावा पाय लांब करून पेडलवर, डावा हात स्टिअरिंगवर आणि उजवा हात खिडकीबाहेर, टपाल घेऊन. ड्रायव्हरच्या जागेवर टपालाचे ट्रे. मिस ओलीटांनी सगळी नोकरी अशी अर्धी आडवी होऊन केली. त्यासाठी गाडीची सीट या दारापासून त्या दारापर्यंत सलग हवी, मधे काहीही नको. हल्लीच्या पिकअपमध्ये दोन सीटच्या मधे भलंमोठं खोकं असतं, पेले ठेवायला. मिस ओलीटांना कुणी विचारलं की ही जुनी गाडी का धरून ठेवलीय, तर त्या म्हणायच्या, "हिच्यात मी मावते."

मार्च-एप्रिलमध्ये कोंबडीची पिल्लं टपालानं येतात. ती खोकी त्या मागे उघड्यावर टाकत नसत, स्वतःजवळ सीटवर ठेवून हीटर लावत. गाडी वळणावर आली की आधी चिवचिवाट ऐकू यायचा, मग गाडी दिसायची. माझ्या सासूबाईंना शेवटी शेवटी दिसत नव्हतं. मिस ओलीटा पेटीत टपाल टाकून न जाता हॉर्न वाजवायच्या, खिडकीतूनच त्यांना दोन-चार पत्रं वाचून दाखवायच्या, आणि त्यात वीजबिल असलं तर ते असं वाचायच्या की सासूबाई हसायच्या. हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. पण आमच्याकडे एकही घर असं नाही की ज्याच्यासाठी त्यांनी कामात न बसणारं काही केलं नसेल.

त्या वर्षी त्यांच्या निवृत्तीला काही महिनेच उरले होते, पुढच्या मे महिन्यात त्या निवृत्त होणार होत्या. ऑक्टोबरच्या सुरुवातीला एका सकाळी हरीण आडवं आलं. हरीण गेलं, गाडीचं तोंड गेलं, मिस ओलीटांना कपाळावर टाके पडले. त्यांच्या पुतण्यानं आपली नवीकोरी पिकअप दिली, पण तिच्यात मधे ते खोकं. मग प्रत्येक पेटीशी थांबायचं, डावीकडून उतरायचं, वळसा घालून टपाल टाकायचं, परत चढायचं. एक गुडघा आधीच कुरकुरत होता, आठ दिवसांत दुसराही कुरकुरू लागला. टपाल अंधार पडला तरी वाटून होईना. पोस्टमास्तर भला माणूस, पण त्यालाही वर उत्तर द्यायचं होतं. त्यानं सांगितलं की नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत जमलं तर ठीक, नाहीतर वाटप तालुक्याच्या गावच्या बदली माणसाकडे जाईल. मिस ओलीटा शाळेचं टपाल द्यायला आल्या तेव्हा मला म्हणाल्या की नोकरी गेल्याचं दुःख नाही, ती तशीही जाणारच आहे, पण शेवटच्या दिवशी प्रत्येक पेटी आपल्या हातानं बंद करायची एवढीच एक इच्छा होती.

मी घरी येऊन हे रॉयसला सांगितलं. तो जेवता जेवता उठला आणि फोनकडे गेला. त्या रात्रीपासून आमच्या शेडमध्ये ती हिरवी गाडी आणि तिच्याभोवती ही सगळी मंडळी. मुख्य दोघे, रॉयस आणि कोच हार्लन रडिक. कोच म्हणजे आमच्या शाळेचे फुटबॉलचे निवृत्त कोच, बायको मार्लीस गेल्यापासून एकटेच राहतात. त्यांच्याकडे बाहत्तरची निळी गाडी आहे, त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली, आणि तिच्यात कारखान्यातून आलेली एकही वस्तू कधी बदललेली नाही. सीटच्या कापडाला ठिगळ नाही. पाऊस पडेलसं वाटलं तरी कोच गाडी बाहेर काढत नाहीत. दर एप्रिलच्या प्रदर्शनात 'जशीच्या तशी' या गटातलं पहिलं बक्षीस त्यांचं, इतकं ठरलेलं की बाकीचे त्या गटात नाव घालायच्या फंदात पडत नाहीत.

तीन आठवडे ही माणसं राबली. कुणी बॉनेट आणलं, कुणी रेडिएटर. गावातल्या बायकांनी जेवण पोचवलं. रंगाऱ्यानं रंगाचे पैसे घेतले नाहीत. एरवी एका स्क्रूवरून तासभर भांडणारी ही मंडळी त्या दिवसांत भांडलीसुद्धा नाहीत, आणि मला तर काळजीच वाटायला लागली होती.

मुदतीच्या सोमवारआधीच्या रविवारी चर्चनंतर मैदानात चादर ओढून गाडी उभी केली. रॉयसनं चादर काढली. हिरवा रंग असा झळकला की मिस ओलीटांनी तोंडावर हात धरला. मग त्या गाडीकडे गेल्या, सवयीनं उजव्या दाराशी, आणि दार उघडलं.

आत दोन सुंदर चामडी खुर्च्या होत्या. मधे लाकडी खोकं, वर पेले ठेवायला दोन भोकं.

जुनी सीट फाटली होती, स्प्रिंगा वर आल्या होत्या. ती या मंडळींनी भंगारात दिली होती आणि रॉयसनं स्वतःच्या गाडीतल्या साध्या खुर्च्यांच्या जागी घालायला दोन वर्षं जपून ठेवलेली जोडी तिथे बसवली होती. त्याच्याजवळचं सगळ्यात चांगलं त्यानं दिलं. या लोकांत हाच शिरस्ता आहे, गाडी दुरुस्त करायला घेतली की आधी जुनी सीट काढायची आणि खुर्च्या घालायच्या. मिस ओलीटांचा हात उजव्या खिडकीतून बाहेर आलेला त्यांनी जन्मभर पाहिला होता. पण समोर सत्तर सालची शेवरोले आली आणि गाडीचं सगळं आठवलं, आत कोण कसं बसतं तेवढं विसरलं.

मिस ओलीटांनी त्या खोक्यावरून हात फिरवला. मग वळून एकेकाला जवळ घेतलं, नावानिशी आभार मानले. रॉयसला म्हणाल्या की इतक्या देखण्या गाडीत त्या आयुष्यात बसलेल्या नाहीत. रॉयसचे कान लाल झाले. दुपारी सगळ्यांचं एकत्र जेवण होतं. भांडी विसळताना मी त्यांच्या शेजारी उभी राहिले आणि म्हटलं, "मिस ओलीटा, उद्याचं काय?"

"उद्या पोस्टमास्तरला फोन करीन. बदलीवाला पोरगा चांगला आहे म्हणतात."

"मी रॉयसला सांगते."

"नाही सांगायचं. तीन आठवडे हात काळे केलेत गं त्यांनी. माझ्यासाठी. माझ्यासाठी कुणी एवढं केलं नव्हतं कधी. त्यांना जाऊन सांगू, की चुकलात?"

मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे वचन देणं नव्हे, असं माझं मत आहे. घरी जाताना गाडीत मी रॉयसला सगळं सांगितलं.

त्यानं गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "मी गाढव आहे."

मी म्हटलं, "ते नंतर बघू. सीट कुणाकडे आहे?"

प्रश्न तोच होता, कारण खोकं काढलं तरी दोन खुर्च्यांमधली खाच उरणार होती. दुकानं बंद, मागवली तर यायला पंधरवडा. आमच्या मंडळींतल्या प्रत्येकानं कधी ना कधी खुर्च्या घालून घेतलेल्या, रॉयसनंसुद्धा. सलग सीट उरली होती फक्त एका गाडीत, आणि ती मागायची कुणाची छाती नव्हती. रॉयसनं शेवटी कोचना फोन लावला तो नुसतं सांगायला, मागायला नाही. मिस ओलीटांना मधल्या खोक्यामुळे बसता येत नाही, एवढंच तो बोलला. पुढचं वाक्य जुळवत होता तोवर कोचनी फोन ठेवून दिला. रॉयस मला म्हणाला की कोच रागावले.

आम्ही कोचच्या घरी पोचलो तेव्हा निळी सीट अंगणात गवतावर होती आणि कोच पाना पुसत होते. सीट आमच्या गाडीच्या मागे चढवली, वर रजई घातली आणि तिघंही मिस ओलीटांच्या घरी गेलो.

मिस ओलीटांनी ती पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं की मी रॉयसच्या मागे गेले. मग त्यांनी ठामपणे सांगितलं, "कोच, हे मी घेणार नाही. तुमच्या वडिलांची गाडी आहे ती. परत न्या."

कोच मैदानावर अख्खं आयुष्य ओरडले, पण तेव्हा इतकं हळू बोलले की मला पुढे सरकावं लागलं. "त्या जानेवारीत बर्फानं रस्ते बंद होते. मार्लीसची औषधं संपली होती. तुम्ही आलात. पेटीत टाकून गेला नाहीत, फाटकापासून दारापर्यंत चालत आलात. त्या औषधावर मार्लीसनं आणखी एक उन्हाळा काढला. बागेत बसून काढला. मी तेव्हा दार लावून घेतलं, मिस ओलीटा. थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. डोक्यात काही शिरतच नव्हतं."

मिस ओलीटा म्हणाल्या, "मला माहीत होतं."

"ठाऊक असेल. पण मला म्हणायचं होतं." मग त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "आता बाजूला व्हा. बोल्ट चारच आहेत."

खुर्च्या निघाल्या, सीट बसली. कुठेही ठोकावं लागलं नाही, तिथलीच असल्यासारखी बसली. मिस ओलीटा उजव्या दारानं आत चढल्या, अर्ध्या आडव्या झाल्या, डावा पाय पेडलपर्यंत नेला. गाडी फाटकाबाहेर काढून रस्त्यावर एक चक्कर मारली, येताना स्वतःच्याच टपालपेटीशी थांबल्या, खिडकीतून हात काढून पेटी उघडली आणि बंद केली. परत आल्या तेव्हा रडत होत्या आणि ते लपवायच्या भानगडीत पडल्या नाहीत. मीही पडले नाही. रॉयसच्या डोळ्यात धूळ गेली होती, त्याच्या म्हणण्याप्रमाणे.

सोमवारी दुपारी, जेवणाच्या वेळेच्या आत, आमच्या पेटीचं झाकण वाजलं. मी शाळेतून खास लवकर आले होते. इतकी वर्षं मी ते झाकण ऐकलं, पण देवाचे आभार त्या दिवशी मानले.

एप्रिलमध्ये प्रदर्शन भरलं. कोचनी निळी गाडी नेली, आणि नेहमीच्याच गटात नाव घातलं. रॉयसनं त्यांना समजावून पाहिलं की दुसऱ्या गटात घाला, आत त्या चामडी खुर्च्या आहेत, हसं होईल. त्यांनी ऐकलं नाही. परीक्षक नवा होता, शहरातला, हातात पाटी-कागद. बाहेरून गाडी बघून खूश झाला. मग त्यानं दार उघडलं, वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि सरळ झाला.

"सर, बाकी सगळं जसंच्या तसं आहे. मग मूळ सीट कुठाय?"

कोचनी घड्याळ बघितलं. म्हणाले, "आत्ता टेकडीपलीकडे असेल. कोंबडीची पिल्लं पोचवतेय."