इद्वलची पाचवी जागा

इद्वल प्रोथेरोइतका चिडका माणूस आमच्या तळावर दुसरा नव्हता, आणि खरं सांगायचं तर चिडायचा हक्कही त्याच्याइतका कुणाला नव्हता. १९१४च्या युद्धाआधी तो बंदरावर गलबतांची शिडं शिवायचा. नौदलाने त्याला भरती केलं ते हवाई जहाजाची, म्हणजे गॅसवर तरंगणाऱ्या लांबट फुग्याची, पिशवी सांभाळायला.

धातूच्या सांगाड्याची अवाढव्य जहाजं तिकडे पूर्व किनाऱ्यावर, आरमाराच्या दिमतीला. आमच्या वेल्सच्या बेटावर नुसत्या हायड्रोजनने फुगवलेल्या पिशव्या. तिघांना नेणारी छोटी चार, आणि थोरलं एक, त्याला आम्ही म्हातारी म्हणायचो. काम एकच. लिव्हरपूलला येणाऱ्या मालबोटींच्या पुढे उडायचं, पाण्यात सुरुंग किंवा पाणबुडी दिसते का बघायचं आणि खाली कळवायचं. मी म्हातारीच्या मागच्या इंजिनापाशी बसायचो. दोन वर्षांत मला पाणबुडी एकदाही दिसली नाही. आम्ही वर असलो की ती डोकंच काढायची नाही. म्हणजे काम होत होतं, पण गुत्त्यात हे सांगून कोण ऐकणार?

म्हातारीत जागा पाच, जायचो आम्ही चौघे. बंदूकवाल्याची पाचवी जागा वजनापायी रिकामीच असायची. इद्वलला ती एकदा, फक्त एकदा, हवी होती. आपण शिवलेली शिवण वाऱ्यात कशी ताणते, ते त्याला डोळ्यांनी बघायचं होतं. बायकोने, नेस्टाने, त्यासाठी लोकरीची कानटोपी विणून दिली होती. ती टोपी बिचारी वर्षभर कोरीच राहिली होती.

"गॅस गळतो, म्हणून जहाज वजन उचलत नाही," आमचे कप्तान लेफ्टनंट हारकोम त्याला म्हणाले होते. "गळती थांबव प्रोथेरो, जागा तुझी."

झालं. माणूस पेटला. पिशवीतला गॅस काढून साधी हवा भरली की हा मोजे घालून आत शिरायचा. अंधारात जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथे ठिगळ. ठिपका नसला तरी शंका म्हणून ठिगळ. एकावर भागेल तिथे दोन, वरून रंगाचा हात.

"आभाळ फाटलं की इद्वलला बोलवा रे!" पोरं ओरडायची.

"तुमच्या तोंडांना लावतो आधी," हा आतून ओरडायचा.

आणि रोज सकाळी तोलायची वेळ आली की हा कानटोपी खिशात घालून हजर. तोलणं म्हणजे दोर धरलेली माणसं हात सोडतात आणि जहाज वर सरकतं का बघतात. इद्वल पाचव्या जागेत बसायचा, जहाज बसल्या जागेवरून हलायचं नाही. वाळूच्या पिशव्या उतरवा, तरी नाही. मग कप्तानांची मान हलायची आणि हा उतरायचा. उतरला की म्हातारी टुणकन वर. मला तर तिचाच राग यायचा.

"दोन आठवड्यांमागे चौघांना घेऊन याहून जास्त वाळूसकट उठायची," तो मला म्हणायचा. "गळती मी थांबवली. मग उचलायचा जोर जातो कुठे रे सगळा?"

"थंडी असेल. दमट हवा असेल," मी काहीतरी सांगायचो. मला तरी काय ठाऊक?

जुलैत हुकूम आला. म्हातारीची पिशवी जुनी झाली, शनिवारी रिकामी करून कारखान्यात पाठवा. शुक्रवारची फेरी शेवटची. त्या दिवशी ऊन असं पडलं की गॅस फुगला. इद्वल बसला, माणसांनी हात सोडले आणि म्हातारी हळूच वीतभर वर आली! त्याने कानटोपी हनुवटीखाली घट्ट बांधली.

तेवढ्यात बिनतारी खोलीतून निरोप आला. पाणबुडीने पहाटे बोट बुडवली, नेहमीच्या एका बॉम्बबरोबर दुसराही घेऊन निघा. बॉम्ब शंभर पौंडांचा.

"सर, वाळू उतरवा ना," इद्वल म्हणाला.

"उतरवायला उरलंय काय? उतर, प्रोथेरो."

"सर, शेवटची फेरी आहे हो."

"ठाऊक आहे मला. उतर."

तो उतरला. टोपी काढायलाही विसरला. आम्ही त्या दिवशी पाच तास भटकलो आणि पाणबुडी काही दिसली नाही. तो बॉम्ब आम्ही जसा नेला तसा परत आणला. इतकं मेल्याहून मेल्यासारखं मला कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी गॅस काढला. पिशवीची घडी करून ती कोठारातल्या काट्यावर ठेवली. पिशवीच्या शेपटीला तिच्या जन्माच्या वजनाची पट्टी शिवलेली असते. कोठारवाला ट्रेहर्न दोन्ही आकडे वाचून चक्रावला.

"अरे, ही एकशे छप्पन्न पौंडांनी वाढलीय! काय खायला घालत होता?"

मी इद्वलकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. ठिगळं, ती चिकटवायचं रबर, रंग. तो शांतपणे काट्यावर चढला. ट्रेहर्नने वजनं सरकवली.

"एकशे चौपन्न," तो म्हणाला.

काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "म्हणजे इद्वल, वर्षभर तू रोजच येत होतास की आमच्याबरोबर."

तो काट्यावरून उतरला.

"येत असेन," तो म्हणाला. "पण मला दिसलं काय?"