सतरा नंबरचं रक्त

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणूनच बहुतेक जीभ सैल होते आहे.

मी आयुष्यभर बायकांचे हार्मोन्स मोजले — नागपूरच्या एका प्रयोगशाळेत, निवृत्त होईपर्यंत. निरोपाच्या दिवशी सगळे म्हणाले, मॅडमचा आकडा कधी चुकत नाही. मी खाली मान घालून शाल घेतली.

मी पस्तिशीत होते, तेव्हा एका अभ्यासासाठी आम्ही कोराडीच्या वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या बायका तपासत होतो. पाळीच्या तिसऱ्या दिवशी रक्त घ्यायचं, सलग सहा महिने. तिसऱ्याच दिवशी — कारण मेंदू अंडाशयाला जो हुकूम धाडतो, तो त्या सुमारास नीट मोजता येतो. अंडाशय थकलं की हुकूम वाढतो. बहिऱ्या माणसाशी बोलताना आपला आवाज चढतो ना, तसा.

आता सांगा, इतकी शिकलेली मी — काही घरांत तिसऱ्या दिवशी बाई बाहेर पडूच शकत नाही, एवढी साधी गोष्ट मला आधी सुचू नये? सतरा नंबरची बाई, रेखा, लग्नाला पाच वर्षं होऊन मूल नसलेली. तिच्या घरी चार दिवस बाहेर बसायची रीत होती आणि सासू तिला दाराबाहेर पाऊल टाकू देत नव्हती. पाचव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन, ओल्या केसांनी ती यायची आणि हात पुढे करायची. ते रक्त आमच्या कामाचं नव्हतं. तसं तिला सांगायचं, तिचा नंबर गाळायचा — संपलं असतं. पण मला तक्त्यात रिकामं घर नको होतं.

मी तिचं रक्त घ्यायची आणि ओतून द्यायची. आणि नळीत माझं रक्त असायचं. माझ्या तिसऱ्या दिवशी, दार लोटून, माझ्याच हातानं काढलेलं. वर लिहायची सतरा. असं सहाही महिने केलं.

आकडे आले आणि मी ते दोनदा तपासले. सतराचं अंडाशय जवळजवळ संपलेलं होतं. म्हणजे माझं. मला दोन मुलं झालेली होती, माझं काय बिघडणार होतं? पण प्रत्येकीला घरपोच रिपोर्ट द्यायचं आम्ही कबूल केलं होतं. सतराचा थांबवला तर कारण द्यावं लागलं असतं. मी सही केली.

तीन महिन्यांनी रेखा एकटी बसनं आली. हळू आवाजात म्हणाली, "रिपोर्ट आल्यापासून माही पाळीच आली नाही, मॅडम. सासू म्हणते, दुसरी आणतो. मले खरं सांगा — तो रिपोर्ट माहाच आहे ना?"

मी म्हणाले, "तुझाच आहे."

पुढे तिला माहेरी धाडलं. नवऱ्यानं दुसरी केली. हे मला वसाहतीतल्या नर्सकडून कळलं.

धसक्यानं पाळी थांबते, हे मी प्रयोगशाळेत येणाऱ्या नव्या मुलींना स्वतः शिकवलं आहे. एखादा आकडा फसवा निघतो, हेही शिकवलं आहे. मग मला भीती कसली वाटते? आकडे माझे होते; पाळी माझी थांबायला हवी होती. ती पन्नाशी उलटेपर्यंत आली — दर महिन्याला, ठरल्या तारखेला, एकदाही न चुकता. जसं काही त्या रक्तानं नळीवरचा नंबर वाचला होता. प्रत्येक पाळीच्या तिसऱ्या दिवशी कोपराच्या आतली शीर ठणकायची. आता पाळी नाही, तरी ठणकते, आणि मी कॅलेंडर बघते. कोणाचा तिसरा दिवस मोजते मी?

एक राहिलंच. रेखा विचारायला आली त्या दिवशी सिरिंज टेबलावरच होती. तिच्या रक्ताची एक नळी घेतली असती तर तिचं खरं काय ते दोघींना कळलं असतं. तिनं तर विचारता विचारताच सवयीनं हात टेबलावर उताणा ठेवला होता, मूठ आवळून.

मी तो हात उचलला आणि तिच्या मांडीवर परत ठेवला.