मोठ्या बाईंची ड्युटी

पाथर्डी तालुक्यात सासूला न घाबरणारी सून एक वेळ सापडेल, पण आमच्या इन्चार्ज सिस्टरांना न घाबरणारी सासू सापडायची नाही. आम्ही त्यांना नुसतं 'मोठ्या बाई' म्हणायचो. सरकारी दवाखान्यात आम्हा नर्सांच्या ड्युट्या त्या लावत आणि त्यांची रीत जगावेगळी होती. नवी पोरगी रुजू झाली की बाई आधी तिच्या घरी चहाला जात. चहा हे निमित्त. नळाला पाणी कधी येतं, लेकराला कोण सांभाळतं, दिवसा झोपायचं तर खोलीला दार आहे का, हे सगळं बघून मगच रात्रपाळी. एकीच्या घरासमोर पिठाची गिरणी निघाली, तर बाईंनी गिरणीवाल्याला गाठून दुपारचं दळण संध्याकाळवर ढकलायला लावलं. "पीठ थांबतं, झोप थांबत न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

माझं लग्न नवं होतं. रात्रपाळी करून आले की सासूबाई मला कामाला जुंपायच्या आणि मी मुकाट्याने करायचे. एका सकाळी गाडीवर डुलकी लागली आणि मी थेट बाभळीच्या झुडपात. खरचटण्यावर निभावलं. बाईंना कळलं आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी त्या दारात उभ्या. मी बाजरी निवडत होते. मला वाटलं, आता रागावतील. तर त्यांनी माझ्या हातातलं सूप काढून घेतलं आणि फतकल मारून स्वतःच निवडायला बसल्या. सासूबाईंना म्हणाल्या, "आक्का, तुमची सून रातभर लोकांच्या लेकीसुना बाळंत करून आली हाय. बाजरी मी निवडते, तिला झोपू द्या." सासूबाईंनी ओशाळून सूप मागितलं, बाईंनी दिलं नाही. सगळी बाजरी संपवूनच उठल्या. तेव्हापासून मी झोपले की सासूबाई दारात अशा बसत, की मांजरसुद्धा वळसा घालून जाई.

खरी कसोटी पुढच्या उन्हाळ्यात लागली. ऊसतोडीला गेलेली कुटुंबं परतली की आमच्याकडे बाळंतिणींची गर्दी होते, आणि नेमक्या त्याच वेळी दोघी नर्सांच्या बदल्या झाल्या. डॉक्टरसाहेबांनी फर्मान काढलं, रात्रपाळी झालेलीने दुपारी पुन्हा यावं. साहेब वाईट नव्हते, अडचणीत होते. पण बाई हटल्या नाहीत. "मानसं कमी हायेत, कबूल. पन झोपमोड झालेल्या पोरीच्या हाती मी सुई देनार न्हाई. हात चुकला तर निस्तरनार कोन? रिकाम्या पाळ्या माझ्या नावावर टाका." साहेबांना वाटलं, रागाच्या भरात बोलतायत. बाईंनी खरंच टाकल्या. नव्या नर्स येईपर्यंत सकाळ त्यांची, आणि कमी पडेल ती रात्रही त्यांचीच. आम्ही भांडलो, रडलो. मग तुमच्या हाती सुई कशी चालते, असंही मी विचारलं. "मला सवय हाय," म्हणाल्या. त्या माझ्याशी खोटं बोलल्या ते तेवढंच.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. परवा रात्रपाळी उतरून मी परस्पर त्यांच्याकडे गेले. ओसरीवर बसल्या होत्या, डोळे लाल. आता तरी झोप लागते का, विचारलं. "कुठली गं. रातीबी न्हाई, दुपारीबी न्हाई. अंगाला आता कळतच न्हाई, कवा निजायचं ते. तू हितं काय करतीस? घरी जा, झोप." आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही. त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि थोपटत बसले. थोड्या वेळाने त्यांनी डोळे मिटले, श्वासही संथ केला. मला बरं वाटावं म्हणून झोपेचं सोंग घेतलं होतं, हे मला कळत होतं. मी थोपटत राहिले.